लिंबू-मिरची नको, कायदा हवा!

शिर्डीत टॅक्सीचा धंदा करणारा आमचा एक जुना कार्यकर्ता आहे. भाविकांना शिर्डीहून शनिशिंगणापूरला नेणे आणि परत आणून सोडणे, हा त्याचा रोजचा रस्ता. वडिलांचे आयुष्य उसाच्या फडात आणि बैलगाडीच्या जुवापाशी गेले. मुलाने लायसन काढले, दहा वर्षे दुसऱ्याच्या गाडीवर चालक म्हणून राबला आणि मग बँकेचे कर्ज काढून स्वतःची नवी कोरी गाडी घेतली. गाडी गिअर आपोआप बदलणारी, पायाखाली क्लच नसलेली. वस्तीवर गाडी आली त्या दिवशी बुद्धवंदना झाली, पेढे वाटले गेले.

त्या गाडीला जेमतेम चौदा महिने झाले होते. राहुरी फॅक्टरीच्या पुढे, चार भाविक बसलेले असताना गाडीने एकाएकी गिअर सोडला. ॲक्सिलेटर दाबला की इंजिन ओरडत होते, पण चाक हलत नव्हते. मागे ट्रक आणि उसाचे ट्रॅक्टर. कसेबसे सर्वांनी उतरून गाडी कडेला ढकलली. भाविकांना दुसऱ्या गाडीत बसवून दिले, त्या दिवसाचे भाडे गेले आणि गाडी टोचन लावून शोरूमला न्यावी लागली. आठ दिवसांनी उत्तर आले. क्लच जळाला आहे, तो वॉरंटीत बसत नाही. गिअर बदलणारा ॲक्च्युएटरही गेला आहे, त्याचे कंपनीला विचारून सांगू. आणि कारण? तर म्हणे, 'तुम्ही गाडी हाफ क्लचवर चालवता!'

आम्ही त्याच्यासोबत शोरूममध्ये होतो. ज्या गाडीला क्लचचे पेडलच नाही, ती गाडी माणूस हाफ क्लचवर चालवील कसा, असा साधा प्रश्न आम्ही विचारला. समोरच्या अॅडव्हायझरकडे उत्तर नव्हते. त्याच्याकडे अंदाजपत्रक होते, आणि त्यावरचा आकडा लाखाच्या वर होता. आमचा कार्यकर्ता मात्र मान खाली घालून बसला होता. बाहेर आल्यावर तो आम्हाला हळूच म्हणाला, "साहेब, खरंच माझंच काही चुकलं असेल का?"

आजचा हा लेख आम्ही त्या एका वाक्यासाठी लिहीत आहोत. गाडी बिघडते, यंत्र आहे, बिघडणारच. परंतु यंत्र बिघडल्यावर दोष माणसाच्या माथी मारला जातो आणि तो माणूस ते खरे मानून कर्जाच्या हप्त्यावर दुरुस्तीचे आणखी एक कर्ज काढतो, ही गोष्ट गॅरेजपुरती उरत नाही. ती न्यायाची गोष्ट होते.

प्रथम हे यंत्र काय आहे ते समजून घेतले पाहिजे, कारण ज्याला यंत्र समजत नाही त्याला कोणीही काहीही सांगू शकतो. जुन्या गाडीत इंजिन आणि गिअर बॉक्स यांच्यामध्ये क्लच असतो. चालक पायाने तो दाबतो, हाताने गिअर टाकतो, पाय सोडतो. आपल्याकडे २०१४ साली मारुतीच्या सेलेरियोपासून जी स्वस्त 'ऑटोमॅटिक' गाडी लोकप्रिय झाली, तिच्यात गिअर बॉक्स तोच, क्लच प्लेटही तशीच. फरक एवढाच की पायाचे आणि हाताचे काम ॲक्च्युएटर करतो आणि त्याला हुकूम देतो गाडीतला छोटा संगणक. क्लच केव्हा दाबायचा, किती दाबायचा, केव्हा सोडायचा हे सर्व तो संगणक ठरवतो. त्याहून महागड्या गाड्यांत दोन क्लचचा गिअर बॉक्स असतो, काहींत पट्टा आणि पुलीचा 'सीव्हीटी' असतो. यंत्र जितके गुंतागुंतीचे, तितका रस्त्याकडेच्या मिस्त्रीचा हात त्याच्यापर्यंत कमी पोहोचतो. पूर्वी शेवगाव-पाथर्डीचा मिस्त्री गिअर बॉक्स उतरवून बेअरिंग बदलून संध्याकाळपर्यंत गाडी रस्त्यावर आणीत असे. आता मशीन जोडल्याशिवाय दोषाचा कोडसुद्धा वाचता येत नाही, आणि वॉरंटीचा निर्णय कंपनीच्याच हाती. म्हणजे आरोपी तोच, पंच तोच आणि तपासणी अधिकारीही तोच!

येथे एक गोष्ट प्रामाणिकपणे सांगितली पाहिजे. सर्वच दोष कंपनीचा असतो असे आमचे म्हणणे नाही. पाच जणांच्या गाडीत आठ जण कोंबले, करंजी घाटात चढावर ब्रेक न लावता ॲक्सिलेटरवरच गाडी रोखून धरली, तर क्लच तापणार आणि जळणार. नगर-मनमाड रस्त्याची जी दुर्दशा जिल्ह्याने वर्षानुवर्षे सोसली, तिनेही किती गाड्यांची हाडे खिळखिळी केली असतील. पण मग प्रश्न असा की, कंपनी गाडी विकते ती कोणत्या देशात? येथील घाट, येथील खड्डे, येथील ऊन, येथील वाहतुकीची कोंडी हे सर्व विक्रीच्या आधीपासून आहे. जाहिरातीत हीच गाडी डोंगर चढताना दाखवायची आणि बिघडल्यावर डोंगराचे नाव पुढे करायचे, हे चालणार नाही.

'तुम्हाला चालवता येत नाही' हे वाक्य एकट्या शिर्डीच्या टॅक्सीवाल्याला ऐकावे लागलेले नाही. ऑस्ट्रेलियात फोर्ड कंपनीच्या फोकस, फिएस्टा आणि इकोस्पोर्ट या गाड्यांतील दोन क्लचच्या 'पॉवरशिफ्ट' गिअर बॉक्सबद्दल हजारो तक्रारी आल्या. गाडी थरथरते, आवाज करते, अचानक ताकद सोडते. तेथील ग्राहकांनाही हेच सांगण्यात आले की, तुमच्या चालवण्याच्या पद्धतीमुळे असे होते. कंपनीला मात्र गिअर बॉक्समधील दोष ठाऊक होता. तेथील स्पर्धा व ग्राहक आयोगाने प्रकरण न्यायालयात नेले आणि एप्रिल २०१८ मध्ये फेडरल कोर्टाने फोर्ड ऑस्ट्रेलियाला एक कोटी ऑस्ट्रेलियन डॉलरचा दंड ठोठावला. चीनमध्ये २०१३ च्या मार्च महिन्यात सरकारी दूरचित्रवाणीने ग्राहक दिनाच्या कार्यक्रमात फोक्सवॅगनच्या दोन क्लचच्या गिअर बॉक्सचे दोष चव्हाट्यावर मांडले आणि काही दिवसांतच कंपनीला ३ लाख ८४ हजारांवर गाड्या परत बोलवाव्या लागल्या. त्याच वर्षी कंपनीने जगभरातील सुमारे १६ लाख गाड्यांच्या गिअर बॉक्समधील तेल बदलून देण्याचे जाहीर केले.

आपल्या देशातही असे घडलेच नाही असे नाही. फेब्रुवारी २०२४ मध्ये ह्युंदाईने क्रेटा आणि व्हर्ना या गाड्यांपैकी ७,६९८ गाड्या सीव्हीटी गिअर बॉक्सच्या विद्युत तेलपंपाच्या कंट्रोलरमधील संभाव्य दोषासाठी परत बोलावल्या. कंपनीने स्वतःहून बोलावल्या, हे चांगलेच केले. पण जी कंपनी स्वतःहून बोलावणार नाही तिचे काय? ज्या मॉडेलचा दोष थोड्या थोड्या गावांत, थोड्या थोड्या लोकांना छळतो, त्याचे काय? ऑस्ट्रेलियातील ग्राहकाच्या पाठीशी आयोग उभा राहिला. राहुरीच्या रस्त्यावर उभ्या असलेल्या आमच्या माणसाच्या पाठीशी कोण उभे आहे?

कायदा आहे. परंतु त्याची दारे किती उघडतात ते पाहा. पहिले दार मोटार वाहन कायद्याचे. २०१९ च्या दुरुस्तीने कलम ११०-अ आले आणि १ एप्रिल २०२१ पासून सदोष गाड्या परत बोलावण्याचा आदेश देण्याचा अधिकार केंद्र सरकारला मिळाला. सात वर्षांच्या आतील गाड्यांना तो लागू आहे आणि कंपनीला दहा लाखांपासून एक कोटीपर्यंत दंड होऊ शकतो. मात्र त्यासाठी दोष रस्त्यावरील सुरक्षेला किंवा पर्यावरणाला धोका निर्माण करणारा हवा, आणि त्या मॉडेलच्या विक्रीच्या प्रमाणात ठराविक संख्येने तक्रारी सरकारच्या वाहन पोर्टलवर यायला हव्यात. आपला माणूस शोरूममध्ये भांडतो, घरी येऊन गप्प बसतो. पोर्टलवर त्याची तक्रार जातच नाही, म्हणून दोष मोजलाच जात नाही.

दुसरे दार ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ मधील उत्पादन दायित्वाचे. नाव मोठे आहे. सदोष वस्तूमुळे माणसाला इजा झाली, मालमत्तेचे नुकसान झाले तर उत्पादक जबाबदार. पण व्याख्येतच लिहून ठेवले आहे की, खुद्द त्या वस्तूचे झालेले नुकसान यात धरायचे नाही. म्हणजे गिअर बॉक्समुळे माणूस मेला तर हे प्रकरण लागू, गिअर बॉक्स मेला तर नाही!

तिसरे दार उरते ते सदोष वस्तूबद्दलच्या नेहमीच्या ग्राहक तक्रारीचे. तेथेही वाट सोपी नाही. सर्वोच्च न्यायालयाने २००६ साली मारुतीच्या एका प्रकरणात सांगितले की, वॉरंटीचा अर्थ सदोष भाग बदलून देणे असा आहे, संपूर्ण गाडी बदलून देणे असा नव्हे. २०२१ साली गोव्यातील एका ग्राहकाच्या प्रकरणात न्यायालयाने म्हटले की, विक्रेता आणि कंपनी यांचे नाते दोन स्वतंत्र व्यापाऱ्यांचे असेल तर विक्रेत्याच्या चुकीसाठी कंपनी आपोआप जबाबदार ठरत नाही. शिवाय दोष निर्मितीतला आहे हे सिद्ध करण्यासाठी तज्ञाचा अहवाल लागतो. आयोग वस्तू मान्यताप्राप्त प्रयोगशाळेकडे पाठवू शकतो, परंतु तिचे शुल्क तक्रारदाराला भरायला सांगू शकतो. ज्याचे रोजचे भाडे बुडाले आहे, हप्ता थकला आहे, त्याने आता तज्ञाचे पैसेही भरायचे. एक दिलासा मात्र आहे. २०२२ साली ह्युंदाईच्या एअरबॅग न उघडल्याच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने मान्य केले की, जेथे घटनाच स्वतःबद्दल बोलते तेथे प्रत्येक वेळी तज्ञाच्या पुराव्याचा आग्रह धरता येणार नाही. चौदा महिन्यांची गाडी भर रस्त्यात गिअर सोडते, ही घटना काही कमी बोलते काय?

आता आमच्या त्या कार्यकर्त्याच्या प्रश्नाकडे येऊ. शोरूममधला अॅडव्हायझर जात विचारून असे बोलत नाही. तो हे सर्वांनाच ऐकवतो. डॉक्टर, वकील, बागायतदार हे ऐकून चिडतात, वरच्या साहेबाला फोन लावतात. ज्याच्या घरात पिढ्यान्पिढ्यांत पहिली गाडी आली आहे, त्याला मात्र ते खरे वाटते. 'तुला येत नाही' हे त्याच्या बापाने ऐकले, आजाने ऐकले. ते ऐकण्याची सवय रक्तात भिनवली गेली आहे.

वाहनाचा आणि आपल्या समाजाचा इतिहास वाचकांना सांगायला नको. १९०१ साली लहानग्या भीमरावाला आणि भावंडांना गोरेगावला जाताना गाडीवानाने विटाळाच्या भीतीने गाडी हाकायला नकार दिला. दुप्पट भाडे घेऊनही मुलांनीच गाडी हाकायची आणि गाडीवान बाजूने चालणार, असे ठरले. १९२९ साली बाबासाहेब सरकारी समितीचे सदस्य म्हणून चाळीसगावला आले, तेव्हाही टांगेवाल्याने त्यांना घेऊन टांगा हाकायला नकार दिला. शेवटी टांगा हाकण्याचा सराव नसलेल्या आपल्याच माणसाच्या हाती लगाम गेले. टांगा उलथला, बाबासाहेब दगडावर फेकले गेले आणि त्यांच्या पायाचे हाड मोडले. लगाम हाती येऊच द्यायचा नाही आणि मग 'यांना हाकता येत नाही' असे म्हणायचे, ही जुनी रीत आहे. म्हणून आमच्या माणसाच्या दारात उभी असलेली गाडी ही चैन नाही. ती त्याची भाकर आहे आणि कोणाच्या गाडीवानाची वाट न पाहता जाण्याचे स्वातंत्र्य आहे. ते स्वातंत्र्य त्याने व्याजासह विकत घेतले आहे. त्याला वस्तू सदोष मिळाली असेल तर दाद मिळालीच पाहिजे.

आणि हे सर्व घडते ते कोठे? नगर जिल्ह्यात! ज्या नगरात लुना तयार झाली आणि घरोघरी पोहोचली, ज्या नगरच्या कारखान्यात वाहनांचे गिअर घडवले जातात, ज्या नगरात रणगाड्यांचे संग्रहालय आहे आणि चिलखती दलाचे प्रशिक्षण केंद्र आहे. याच नगरात संरक्षण खात्याची वाहन संशोधन आणि विकास संस्था, म्हणजे व्हीआरडीई, आहे. केंद्रीय मोटार वाहन नियम १२६ प्रमाणे नव्या प्रकारच्या वाहनाचा नमुना विक्रीपूर्वी ज्या संस्थांकडून तपासून घेता येतो, त्यांत पुण्याच्या एआरएआयबरोबर नगरच्या या संस्थेचे नाव आहे. कंपनीला गाडी विकण्याचा परवाना हवा असतो तेव्हा विज्ञान नगरला हजर असते. ग्राहकाला न्याय हवा असतो तेव्हा मात्र त्याच शहरातील जिल्हा आयोगासमोर तो तज्ञाचा अहवाल कोठून आणू म्हणून फिरतो. ही विसंगती कोणाला दिसत नाही काय?

नवी गाडी घेतली की आपल्याकडे पुढे लिंबू-मिरची बांधतात. आपल्यातलेही काही जण बांधतात, हे दुःखाने लिहावे लागते. अमेरिकेत मात्र लिंबाचा अर्थ वेगळा आहे. पुन्हा पुन्हा बिघडणाऱ्या नव्या गाडीला तेथील लोक 'लेमन', म्हणजे लिंबू, म्हणतात आणि तिच्या मालकाला वाचवणाऱ्या कायद्याला 'लेमन लॉ'. १९८२ साली कनेक्टिकट राज्याने असा पहिला कायदा केला, पुढे सर्व राज्यांनी केला. त्याचे सूत्र सोपे आहे. ठरलेल्या मुदतीत एकच मोठा दोष साधारणतः चार वेळा दुरुस्त करूनही गेला नाही किंवा गाडी एकूण तीस दिवस दुरुस्तीत पडून राहिली, तर कंपनीने गाडी बदलून द्यावी किंवा पैसे परत द्यावेत. मालकाने दोषाचे शास्त्र सिद्ध करीत बसायचे नाही, जॉबकार्ड मोजायची. आपल्या देशात असा स्वतंत्र कायदा नाही. तेथे लिंबू कायद्यात आहे, येथे लिंबू बंपरला आहे!

कायदा होईल तेव्हा होईल. तोपर्यंत आपल्या वाहनधारकांनी काही गोष्टी पक्क्या लक्षात ठेवाव्यात. शोरूममध्ये तोंडी तक्रार करू नये. जॉबकार्डवर आपल्या शब्दांत दोष लिहून घ्यावा आणि प्रत घेतल्याशिवाय गाडी सोडू नये. 'चालवण्याची चूक' असे म्हणत असतील तर तेही लेखी मागावे. बहुतेक वेळा ते लेखी देत नाहीत, यातच सर्व आले. गाडी किती दिवस उभी राहिली त्याची नोंद ठेवावी. ग्राहक हेल्पलाईन १९१५ वर आणि वाहन पोर्टलवर तक्रार नोंदवावी. ती एकट्याच्या उपयोगाची नसली तरी मोजणीत येते. जिल्हा आयोगात तक्रार करताना विक्रेता आणि कंपनी दोघांनाही पक्षकार करावे. आपण जेथे राहतो त्याच जिल्ह्यात तक्रार करता येते, त्यासाठी कंपनीच्या शहरात जावे लागत नाही. पाच लाखांपर्यंतच्या वस्तूसाठी शुल्क नाही, पाच ते दहा लाखांपर्यंत अवघे दोनशे रुपये आहे, आणि वकील सक्तीचा नाही. मुदत मात्र दोन वर्षांची आहे, ती चुकवू नये.

टॅक्सीवाल्या बंधूंनी आणखी एक ध्यानात घ्यावे. 'तुमची गाडी धंद्याची, तुम्ही ग्राहकच नाही' असे म्हणून कंपन्यांचे वकील तक्रार उडवू पाहतात. स्वयंरोजगाराने पोट भरण्यासाठी घेतलेली वस्तू व्यापारी हेतूत मोडत नाही, असे कायद्यातच स्पष्टीकरण आहे. १९९५ साली सर्वोच्च न्यायालयानेही सांगितले की, स्वतः चालवून पोट भरण्यासाठी रिक्षा किंवा ट्रक घेणारा हा ग्राहकच आहे. गाडी स्वतः चालवीत असाल तर ते तक्रारीत स्पष्ट लिहावे.

सर्वांत महत्त्वाचे म्हणजे एकट्याने लढू नये. त्याच कायद्याच्या कलम ३५ मध्ये समान हितसंबंध असलेल्या अनेक ग्राहकांच्या वतीने आयोगाच्या परवानगीने एकत्र तक्रार करण्याची सोय आहे. शिर्डी, राहाता, कोपरगाव, संगमनेर येथील एकाच मॉडेलचे दहा मालक दहा जॉबकार्डे घेऊन एकत्र आले, तर 'तुम्हाला चालवता येत नाही' हे वाक्य कोणाच्या तोंडून निघेल? दहाही जणांना चालवता येत नाही काय? संघटनेचे बळ आपण मोर्चात पाहिले आहे, ते आयोगाच्या दालनातही दिसले पाहिजे. आपल्या वकील बांधवांनी आणि अभियांत्रिकी शिकलेल्या मुलामुलींनी महिन्यातून एक रविवार यासाठी दिला तरी पुष्कळ काम होईल.

सरकारकडे आमच्या तीन मागण्या आहेत. पुन्हा पुन्हा बिघडणाऱ्या नव्या वाहनासाठी दुरुस्तीच्या खेपा आणि दिवस मोजणारा स्पष्ट कायदा करावा. भर रस्त्यात गाडीने गिअर सोडणे हा सुरक्षेचाच दोष आहे असे मानून त्याच्या तक्रारी परत बोलावण्याच्या मोजणीत धराव्यात. आणि जिल्हा आयोगाने पाठवलेल्या गाडीची तपासणी नगरच्या व्हीआरडीईसारख्या सरकारी संस्थेत व्हावी, तिचे शुल्क प्रथम कंपनीने भरावे. ज्या संस्था जनतेच्या पैशावर चालतात, त्यांचे ज्ञान कंपनीच्या परवान्यापुरते राहू नये.

आमच्या कार्यकर्त्याची गाडी अजून शोरूमच्या आवारात उभी आहे. त्याने पैसे भरलेले नाहीत. या खेपेला त्याने लेखी कारण मागितले आहे आणि त्याच मॉडेलचे आणखी तीन मालक शोधून काढले आहेत. तिघांनाही तेच उत्तर मिळाले होते. परवा तो भेटला तेव्हा त्याने मान खाली घातलेली नव्हती. "साहेब, माझं काही चुकलं नाही," तो म्हणाला. आता हे त्याला आयोगासमोर सांगायचे आहे, आणि त्या दिवशी आम्ही त्याच्यासोबत असू.

जयभीम!